एकखांबी तंबू आणि सिंथियाचा गारचॉम्प: पोकेमॉन डायमंडच्या शेवटच्या लढतीचं एक प्रकरण

पोकेमॉन डायमंड या व्हिडिओ गेममध्ये आठवा बॅज (जिम जिंकल्याचं पदक) मिळतो तो सनीशोर शहरातल्या जिम लीडर व्होल्कनरला हरवून. त्याचा सर्वांत तगडा पोकेमॉन म्हणजे लक्सरे, लेव्हल ४९. तिथून गेम तुम्हाला समुद्रातून आणि धबधब्यावरून व्हिक्टरी रोडच्या गुहेत नेतो आणि शेवटी पोकेमॉन लीगच्या दारात उभं करतो. आत एकामागोमाग पाच लढती. एलीट फोर म्हणवणाऱ्या चार तज्ज्ञांमधला पहिलाच आरॉन लेव्हल ५३ पासून सुरुवात करतो, आणि पाचव्या खोलीत उभी असलेली चॅम्पियन सिंथिया जो गारचॉम्प बाहेर काढते, त्याची लेव्हल असते ६६. आठव्या जिमपासून सतरा लेव्हलची ही उडी, आणि मधे सराव व्हावा अशी जागा फारशी नाही. गेम नीट खेळत आलेली मुलंसुद्धा इथे आपटतात.

माझा भाचा असाच आपटत होता. तो सातवीत आहे. दुबईच्या नातेवाइकांकडून आलेला जुना निंटेंडो डीएस आणि त्यात डायमंडचं कार्ट्रिज, एवढं त्याचं भांडवल. गेम जपानमध्ये आला २००६ मध्ये, म्हणजे भाच्याच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण त्याला त्याचं काही नाही. कार्टून हिंदीत पाहिलेलं, हल्ल्यांची नावं तोंडपाठ, आणि इन्फर्नेप या आगीच्या माकडावर निस्सीम प्रेम. तक्रार एकच: "मामा, सिंथिया चीटिंग करते."

ती चीटिंग करत नाही. पण त्याला तसं का वाटत होतं, हे बघण्यासारखं होतं.

संघाची अवस्था

इन्फर्नेप ६१, स्टाराप्टर ५५, लक्सरे ५४, ग्याराडॉस ५३, बिबरेल ३८ आणि ग्रॅव्हलर ३६. शेवटच्या दोघांचं काम लढण्याचं नव्हतंच. डायमंडमध्ये एचएम, म्हणजे वाट मोकळी करणारे खास हल्ले, आठ आहेत आणि सिनोच्या (गेममधल्या प्रदेशाच्या) वाटा त्यांच्याशिवाय उघडत नाहीत. दगड फोडणं, ढकलणं, कडा चढणं, धबधबा चढणं ही सगळी हमाली बिबरेल आणि ग्रॅव्हलरवर टाकलेली. हे जवळपास प्रत्येक खेळाडू करतो आणि त्यात गैर काही नाही. पण लीगच्या इमारतीत शिरल्यावर ना दगड आहे ना धबधबा, आणि जास्तीचे पोकेमॉन जिथे ठेवले जातात तो पीसीही तिथेच आहे. हमालांना तिथे उतरवून बॉक्समधून दुसरे घेता येतात. भाच्याने ते कधी केलं नव्हतं.

बॉक्समध्ये कोण होतं? लेव्हल ४७ चा डायल्गा. स्पिअर पिलरवर मास्टर बॉल टाकून पकडलेला, आणि पकडल्या दिवसापासून तसाच ठेवलेला. का, तर "तो लेजेंडरी आहे, त्याला घेऊन जिंकणं म्हणजे खरं जिंकणं नाही." बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे तत्त्व ऐकून मला कौतुकच वाटलं. पण हेच महाशय प्रत्येक लढतीत इन्फर्नेपवर फुल रिस्टोरचा (पूर्ण बरं करणाऱ्या औषधाचा) पाऊस पाडत होते. तेव्हा तत्त्वाबद्दल थोडं बोलावं लागलं.

पहिल्या चार लढती त्याला जड जात नव्हत्या. आरॉनच्या किड्यांना इन्फर्नेप जाळत होता, बर्थाच्या जमिनीवाल्यांना ग्याराडॉस बुडवत होता. फ्लिंट तर आगीचा तज्ज्ञ म्हणून मिरवतो, पण डायमंडमध्ये त्याच्या पाचांत आगीचे दोनच. स्टीलिक्स, लोपनी आणि ड्रिफब्लिम उरलेल्या जागा भरतात. ल्यूशियनचा ब्राँझॉन्ग तेवढा वेळ खायचा. चौघांना मी फार शब्द देणार नाही, कारण प्रकरण त्यांचं नाही. महत्त्वाचं एवढंच की खोल्यांच्या मधे पोकेमॉन सेंटर नाही, हरलात तर पुन्हा आरॉनपासून सुरू, आणि भाचा पाचव्या खोलीत पोचायचा तेव्हा बॅग अर्धी रिकामी झालेली असायची.

तिच्याकडे काय आहे

सिंथियाचे सहा, डायमंड आणि त्याचा जोडगेम पर्ल यांमधले: स्पिरिटूम ६१, रोजरेड ६०, गॅस्ट्रोडॉन ६०, लुकारियो ६३, मायलोटिक ६३, गारचॉम्प ६६. आठ जिम लीडर आणि एलीट फोर यांचा प्रत्येकाचा एक टाइप असतो, त्यामुळे खेळाडूला सवय लागते: समोर पाणी तर वीज काढा, समोर कीडा तर आग काढा. सिंथियाचा टाइपच नाही. सहा जण सहा दिशांना तोंड करून बसलेले.

मी भाच्याला कागद आणायला सांगितला आणि तिच्या प्रत्येकाचे चार हल्ले लिहून काढले. मग इन्फर्नेपच्या नजरेने ती यादी वाचली. इन्फर्नेप आग आणि फायटिंग टाइपचा. त्याला पाणी, जमीन, फ्लाइंग आणि सायकिक लागतं. आता बघा. स्पिरिटूमकडे सायकिक. रोजरेडकडे एक्स्ट्रासेन्सरी, तोही सायकिक टाइपचा. गॅस्ट्रोडॉनकडे मडी वॉटर आणि अर्थक्वेक, दोन्ही. लुकारियोकडे सायकिक आणि अर्थक्वेक. मायलोटिककडे सर्फ. गारचॉम्पकडे अर्थक्वेक. सहाच्या सहा जणांकडे इन्फर्नेपला दुप्पट लागणारा किमान एक हल्ला आहे!

भाचा त्या कागदाकडे बघतच राहिला. त्याला वाटत होतं की आपला हुकमी एक्का नशिबाने हरतोय. प्रत्यक्षात ज्या एकावर सगळा संघ उभा होता, त्याला तिच्या खोलीत निवांत उभं राहायला जागाच नव्हती. एकखांबी तंबू होता, आणि तिच्या सहाही जणांच्या हातात तो खांब तोडायची कुऱ्हाड होती.

इथे बहुतेक जण सल्ला देतात: लेव्हल वाढव, ७५ चा करून जा. चालतो हा सल्ला, नाही असं नाही. ७५ च्या इन्फर्नेपपुढे कुणाचंच फारसं चालत नाही. पण व्हिक्टरी रोडमधल्या जंगली पोकेमॉनवर तेवढं चढायचं म्हणजे आठवडे जातात, आणि त्याचा कंटाळा येऊनच मुलं गेम सोडतात. शिवाय मला तो सल्ला आळशी वाटतो. समोरची काय करणार हे तंतोतंत माहीत असताना नुसता दांडगेपणा कशाला?

स्पिरिटूम: बॅगवर बसलेलं भूत

पहिला येतो स्पिरिटूम, आणि भाच्याची अर्धी ताकद तिथेच संपायची. त्याचं टाइपचं जोडकाम घोस्ट आणि डार्क. फायटिंग आणि नॉर्मल हल्ले त्याला लागतच नाहीत, सायकिकही नाही. फेअरी टाइप आला २०१३ मध्ये; त्याआधीच्या या गेममध्ये स्पिरिटूमला एकही कमजोरी नाही. वर त्याची प्रेशर ही अॅबिलिटी (अंगभूत गुण): त्याच्यावर केलेल्या प्रत्येक हल्ल्याचे दोन पीपी (हल्ला वापरायच्या खेपा) जातात. आणि एम्बार्गो. हा हल्ला बसला की पाच टर्न त्या पोकेमॉनवर कोणतीही वस्तू वापरता येत नाही.

भाच्याची "चीटिंग"ची तक्रार इथून आली होती. इन्फर्नेप लाल पट्टीत, हा फुल रिस्टोर काढतोय आणि गेम नाही म्हणतोय. त्याला वाटलं कार्ट्रिज बिघडलं.

उत्तर बॉक्समध्ये पडलं होतं. डायल्गा स्टील आणि ड्रॅगन. त्या पिढीच्या नियमांत स्टील टाइप घोस्ट आणि डार्क दोन्ही अर्धे करतो (पुढे २०१३ मध्ये हा नियम काढला), सायकिक अर्धा करतो, बगही अर्धा. स्पिरिटूमकडे नुकसान करणारे तीन हल्ले: डार्क पल्स, सायकिक, सिल्व्हर विंड. तिन्ही डायल्गावर अर्धे. लेव्हल ५५ च्या डायल्गाला डार्क पल्स साधारण तीसेक एचपीचा (एचपी म्हणजे पट्टीतला जीव) बसतो, आणि त्याच्याकडे एचपी १९० च्या आसपास. डायल्गाचा ड्रॅगन क्लॉ मात्र तीन फटक्यांत स्पिरिटूमला झोपवतो. एम्बार्गो लागला तरी हरकत नाही, कारण औषधाची गरजच पडत नाही.

रोजरेडचं गणित तर याहून सोपं. तिचा एनर्जी बॉल डायल्गावर पाव ताकदीने बसतो, स्लज बॉम्ब बसतच नाही, शॅडो बॉल आणि एक्स्ट्रासेन्सरी अर्धे. म्हणजे रोजरेड समोर आणि डायल्गा आपल्याकडे, अशी वेळ आली की ती लढत नव्हे, विश्रांती आहे. त्या वेळात मेलेल्यांना रिव्हाइव्ह द्यावं, जखमींना औषध पाजावं. हे भाच्याला फार उशिरा पटलं. त्याची सवय अशी, की पट्टी लाल झाली की त्याच क्षणी औषध, मग समोर कोणी का असेना. समोरचा प्रत्येक टर्नला ऐंशी टक्के एचपी काढत असेल तर औषध देणं म्हणजे पैसे जाळणं. लीगच्या दुकानात फुल रिस्टोर ३००० ला आहे.

लेजेंडरीचा तात्त्विक प्रश्न आम्ही असा सोडवला: डायल्गा नेऊ, पण गारचॉम्पला त्याने हात लावायचा नाही. तसंही अर्थक्वेक आणि ब्रिक ब्रेक दोन्ही डायल्गाला दुप्पट लागतात. तत्त्व आणि व्यवहार क्वचितच इतके जुळतात.

टीएम ८६

बॅग तपासताना टीएमच्या (पोकेमॉनला नवा हल्ला शिकवणाऱ्या वस्तूंच्या) कप्प्यात ८६ नंबर न वापरलेला सापडला. ग्रास नॉट. इटर्ना जिमची गार्डेनिया हरल्यावर देते ती. त्या काळचे टीएम एकदा वापरले की संपतात, म्हणून भाच्याने "नंतर लागेल" म्हणून जपून ठेवलेला. असे जपून ठेवलेले टीएम पहिला गेम संपल्यावर बहुतेकांच्या बॅगेत ढिगाने निघतात.

इन्फर्नेप ग्रास नॉट शिकतो. माकड गवताचा हल्ला करणार ही कल्पना मुलांना सुचत नाही, पण शिकतो. या हल्ल्याची ताकद समोरच्याच्या वजनावर ठरते. गॅस्ट्रोडॉन तीस किलोच्या आतबाहेर, म्हणजे ताकद ६०; पण तो पाणी आणि जमीन असल्याने गवत चौपट लागतं. लेव्हल ६२ चा इन्फर्नेप त्याला दोन फटक्यांत संपवतो. मधल्या टर्नमध्ये गॅस्ट्रोडॉनचा अर्थक्वेक किंवा मडी वॉटर खावा लागतो, पण मी आकडेमोड केली तेव्हा पूर्ण एचपी असलेला इन्फर्नेप त्यातला कुठलाही एक, क्रिटिकल (नशिबाने जास्त लागणारा) नसेल तर, थोडक्यात सोसतो असं निघालं. एकच. म्हणून इन्फर्नेप त्या क्षणी पूर्ण ताजा हवा, आणि तो ताजा राहायचा तर स्पिरिटूमशी त्याची गाठ पडता कामा नये.

लुकारियो हे इन्फर्नेपचं खरं गिऱ्हाईक. इन्फर्नेप वेगवान आहे, आणि क्लोज कॉम्बॅटने लुकारियो एका फटक्यात जातो. इथे इन्फर्नेपला मार खावाच लागत नाही, त्यामुळे तो अर्धमेला असला तरी चालतो.

मायलोटिकवरही ग्रास नॉट चालवायचा मोह होतो: तिचं वजन १६२ किलो, ताकद थेट १००. पण तिच्याकडे मिरर कोट आहे. स्पेशल हल्ल्याने (हल्ले फिजिकल आणि स्पेशल अशा दोन जातींचे असतात) जेवढं नुकसान झालं त्याच्या दुप्पट ती परत करते, आणि ग्रास नॉट स्पेशल आहे. भाचा आधीच्या लढतींत तिच्यावर लक्सरेचा डिस्चार्ज चालवून आपटला होता, तोही स्पेशल. त्याला कारण कळलं नव्हतं. आपणच मारलं आणि आपणच मेलो एवढंच दिसलं. लक्सरेने थंडर फँग वापरायचा. तो फिजिकल, मिरर कोट त्याला काहीच करू शकत नाही, आणि मायलोटिकचा फिजिकल बचाव तिच्या स्पेशल बचावापेक्षा पुष्कळ कच्चा आहे. दोन चाव्यांत काम होतं. स्पार्क वापरू नये असं मी म्हटलं, कारण स्पार्कने पॅरालिसिस व्हायची शक्यता ३० टक्के. "मग चांगलंच ना?" नाही. मायलोटिकची अॅबिलिटी मार्व्हल स्केल: तिला कुठलाही आजार लागला की तिचा बचाव दीडपट होतो.

लक्सरेची एक अडचण राहतेच. मायलोटिक त्याच्यापेक्षा वेगवान, आणि दोन सर्फ खाऊन लक्सरे टिकत नाही. तिने मधे एक टर्न अॅक्वा रिंग किंवा मिरर कोटवर वाया घालवला तर जिंकलो. नाहीतर स्टाराप्टरने आधी एक क्लोज कॉम्बॅट घालून जमीन तयार करावी लागते. योजनेतला हा भाग कच्चा होता आणि कच्चाच राहिला.

गारचॉम्प

आता मूळ मुद्दा. गारचॉम्प ड्रॅगन आणि ग्राउंड, बर्फ चौपट लागतो. हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, आणि प्रत्येक जण समजतो की बर्फाचा एक हल्ला बसला की संपलं. भाच्याच्या ग्याराडॉसकडे आइस फँग होता. बसला. गारचॉम्प पडला नाही. पुन्हा बसला, तरी पडला नाही. मग सिंथियाने फुल रिस्टोर दिला.

आकडे मांडले की कोडं सुटतं. लेव्हल ६६ च्या गारचॉम्पला एचपी साधारण २३८. लेव्हल ५८ च्या ग्याराडॉसचा आइस फँग, चौपट धरूनही, १३० ते १५० मध्ये बसतो: ताकद जेमतेम ६५, हल्ला आपल्या टाइपचा नाही, आणि लेव्हलची तफावत. पहिल्या फटक्यात गारचॉम्प अर्ध्याखाली येतो, आणि तेव्हा त्याने धरलेली सिट्रस बेरी चालू होते. पाव एचपी परत, म्हणजे ५९. दुसरा फटका बसल्यावर त्याच्याकडे सरासरी सतराच्या आसपास एचपी उरतो. नेमका तेवढा, की पट्टी लाल व्हावी आणि सिंथियाने फुल रिस्टोर काढावा. ज्याने कुणी हा संघ बसवला त्याने हे जाणून केलं की योगायोगाने, सांगता येत नाही, पण परिणाम क्रूर आहे. मध्यम स्पेशल ताकदीच्या पोकेमॉनने टीएमचा आइस बीम मारला तरी गणित जवळपास हेच येतं.

बरं, ग्याराडॉस त्याच्यापुढे टिकतो किती? इथे चित्र आशादायक आहे. ग्याराडॉस पाणी आणि फ्लाइंग, म्हणून अर्थक्वेक लागतच नाही. ब्रिक ब्रेक अर्धा. राहिले ड्रॅगन रश आणि गिगा इम्पॅक्ट. मैदानात येताच ग्याराडॉसची इंटिमिडेट अॅबिलिटी समोरच्याचा अटॅक एक पायरी खाली आणते. इंटिमिडेट नसता तर ड्रॅगन रश १२२ ते १४४ ने बसला असता. ग्याराडॉसचे एचपी १९८ धरले तर दोन फटक्यांत खेळ खलास. इंटिमिडेटमुळे तोच फटका ८२ ते ९६ वर येतो, आणि गिगा इम्पॅक्टचंही तेवढंच. दोन फटके खाऊन ग्याराडॉस उभा राहतो, तिसऱ्याला पडतो. म्हणजे आपल्याला दोन टर्न उसने मिळतात, शिवाय ड्रॅगन रश चारात एकदा हुकतोच.

त्या दोन टर्नमध्ये चावायचं नाही. नाचायचं.

ड्रॅगन डान्स ग्याराडॉस लेव्हल ४४ ला शिकतो. भाच्याने तो शिकायला नकार दिला होता. "त्याने डॅमेज होत नाही ना." मी बघितलेल्या बहुतेक मुलांच्या संघांत हेच दिसतं: चारही हल्ले मारायचे, बळ वाढवणारा एकही नाही. जिमपर्यंत हे खपून जातं कारण एका फटक्यात समोरचा पडतो. चॅम्पियनपाशी एका फटक्यात काहीच पडत नाही. सुदैवाने विसरलेला हल्ला परत आणता येतो. पास्टोरिया शहरात एक जण हार्ट स्केलच्या बदल्यात जुने हल्ले पुन्हा शिकवतो, आणि अंडरग्राउंडमध्ये खणून भाच्याने हार्ट स्केल आधीच गोळा केलेले होते. स्टाराप्टरवर बसून पास्टोरियाला जाऊन आला. पाच मिनिटांचं काम.

एक डान्स केला की अटॅक दीडपट, वेगही दीडपट. वेगाने गारचॉम्पला मागे टाकायला एक डान्स पुरतो. पण मारायला पुरत नाही: दीडपट आइस फँग १९४ ते २२८, आणि त्याचे एचपी २३८. पुन्हा बेरी, पुन्हा फुल रिस्टोर. दोन डान्स केले की दुप्पट, २५८ च्या पुढे. बेरीला संधीच नाही. म्हणून नियम ठरला: दोनदा नाच, मग एकदाच चाव. मधे हात शिवशिवले तरी चावायचं नाही.

भाच्याचे हात शिवशिवले. नव्या योजनेनिशी पहिल्यांदा गेला तेव्हा एका डान्सनंतर गारचॉम्पची पट्टी बघून त्याला राहवलं नाही. पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

ग्याराडॉसला फुकटात आत कसं आणायचं, हाही प्रश्न असतो. बॅटल स्टाइल शिफ्टवर ठेवली असेल तर समोरचा पोकेमॉन पडल्यावर गेम स्वतःच सांगतो की आता अमुक येतोय, तुम्ही बदलणार का. गारचॉम्पचं नाव दिसलं की हो म्हणायचं आणि ग्याराडॉस काढायचा. फुशारकीने सेटवर (जिथे ही विचारणा होत नाही) खेळणारे या सोयीला हसतात, हसोत. आणि समजा आपलाच कुणी गारचॉम्पसमोर अडकला, तर त्यासाठी संघात बिबरेल. त्याला पुढे करायचा, तो पडला की ग्याराडॉस निर्धोक आत. बळीचा बकरा हा शब्द भाच्याला अजिबात आवडला नाही. "मामा, तो माझा दुसरा पोकेमॉन आहे." मग बिबरेल फक्त शेवटचा उपाय म्हणून ठेवायचं ठरलं.

लढत

तयारीला फार लेव्हल लागल्या नाहीत. हरलं तरी मिळालेला अनुभव जात नाही, फक्त पैसे जातात. म्हणून एलीट फोरच्या हरलेल्या फेऱ्या हाच सर्वांत चांगला सराव ठरला, आणि मधूनमधून व्ही एस सीकरने वाटेवरच्या ट्रेनरना पुन्हा लढायला लावलं. इन्फर्नेप ६२, ग्याराडॉस ५८, लक्सरे ५६, डायल्गा ५५ झाले तेव्हा थांबलो. ग्रॅव्हलर पीसीत गेला. चौथ्या खोलीनंतर सगळ्यांना औषध, मग सेव्ह. खोल्यांच्या मधे सेव्ह करता येतं हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

तिच्या खोलीत शिरताना तो पियानो वाजतो. भाचा आवाज कमी करतो, त्याला त्याची भीती वाटते.

डायल्गाने स्पिरिटूमला दोन ड्रॅगन क्लॉ मारले, तिने फुल रिस्टोर दिला. ही उत्तम बातमी होती: तिच्या औषधांतलं एक भुतावर खर्च झालं. पुन्हा तीन क्लॉ. एम्बार्गो लागला होता, कुणाला पर्वा नव्हती.

मग गॅस्ट्रोडॉन. शिफ्टमध्ये नाव दिसताच इन्फर्नेप आत. ग्रास नॉट, मग त्याचा अर्थक्वेक. इन्फर्नेपची पट्टी सरकत सरकत लाल टोकाशी थांबली आणि भाच्याने श्वास सोडला. दुसरा ग्रास नॉट, गॅस्ट्रोडॉन गेला. त्याच्या मागून लुकारियो. भाच्याचं बोट बॅगेकडे गेलं, मी काही बोललो नाही, त्याचं त्यालाच आठवलं: इथे औषध नको, वेग आहे. क्लोज कॉम्बॅट. लुकारियो एका फटक्यात.

मायलोटिकला लक्सरे. तिने पहिला टर्न अॅक्वा रिंगवर घालवला, हे आमचं नशीब. थंडर फँग, सर्फ, थंडर फँग. मला वाटलं होतं गारचॉम्प शेवटी येईल. पण तिचा पुढचा कोण हे ठरलेलं नसतं, आपल्याकडे कोण उभा आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. समोर विजेचा लक्सरे होता, जमिनीचा गारचॉम्प आला.

बदलणार का? हो. ग्याराडॉस. इंटिमिडेट.

पहिला डान्स. ड्रॅगन रश बसला, ग्याराडॉस अर्ध्यावर. भाचा माझ्याकडे बघतोय. दुसरा डान्स. गारचॉम्पने गिगा इम्पॅक्ट मारला. ग्याराडॉसची पट्टी लाल, विसाच्या आतबाहेर काहीतरी उरलं होतं. पण गिगा इम्पॅक्ट मारणाऱ्याला पुढचा टर्न बसून काढावा लागतो, हे भाच्याला माहीत होतं. त्याने डीएस खाली ठेवला, पाणी प्यायला, परत येऊन आइस फँग दाबला. गारचॉम्पची हिरवी पट्टी एका झटक्यात रिकामी झाली.

राहिली रोजरेड. डायल्गा पुन्हा आत, तिचे शॅडो बॉल त्याला टोचत राहिले, आणि सगळ्या लढतीतला सर्वांत कंटाळवाणा भाग तोच ठरला. हॉल ऑफ फेममध्ये सहा जणांची नोंद झाली. बिबरेल मैदानात उतरलाच नाही, पण फोटोत आहे.

हीच योजना दुसरीकडे

डायमंडच्या पुढच्या आवृत्तीत, प्लॅटिनममध्ये, ती जशीच्या तशी चालणार नाही. तिथे लेव्हल थोड्या खाली आहेत, गारचॉम्प ६२ चा; पण गॅस्ट्रोडॉनच्या जागी टोगेकिस येते, तिच्यावर ग्रास नॉट म्हणजे अर्धी ताकद. गारचॉम्पकडे ब्रिक ब्रेकऐवजी फ्लेमथ्रोअर आहे, तो ग्याराडॉसला अर्धाच लागतो, त्यामुळे नाचाचा भाग शाबूत राहतो. २०२१ च्या ब्रिलियंट डायमंड या नव्या रूपात मात्र सावध असावं. तिथला गारचॉम्प 'याचे' (Yache) नावाची बेरी धरून येतो, जी बर्फाचा पहिला फटका अर्धा करते, आणि मायलोटिक स्वतःच फ्लेम ऑर्ब धरून स्वतःला भाजून घेते, म्हणजे मार्व्हल स्केल आपोआप चालू. तिथे थंडर फँगचं गणित कोसळतं. भाच्याच्या वर्गातला एक मुलगा स्विचवर तोच गेम खेळतोय आणि त्याला आमचा कागद हवा होता. कागद दिला नाही, त्याला त्याच्या सिंथियाचे चोवीस हल्ले स्वतः लिहून आणायला सांगितले आहेत.